इंग्रजीत दोन नामांची जोडी कशी जमवावी?

बँकेत दोघांच्या नावावर खाते उघडताना अर्जात एक प्रश्न हमखास असतो: खाते कोण चालवणार? तिथे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे नोंदवले, तर दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो आणि एकाच्या निधनानंतर मागे राहिलेल्याला खाते चालवता येते. 'जॉइंटली' असे नोंदवले, तर दोघांच्याही सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' नोंदवले, तर पहिली व्यक्ती हयात असेपर्यंत फक्त तिचीच सही चालते. नावे तीच असतात, पैसेही तेच. अधिकार कुणाला, हे त्या नावांमधले नाते सांगणाऱ्या शब्दावर ठरते.

इंग्रजीत दोन नामांमधले नाते सांगणाऱ्या शब्दांच्या चार मुख्य जोड्या आहेत: 'बोथ–अँड', 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर' आणि 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो'. त्यांच्याच आसपास 'ॲज वेल ॲज', 'व्हेदर–ऑर', 'बिट्वीन–अँड' असे काही शब्द वावरतात. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'खाली त्या विचारल्या जातात, स्पर्धा परीक्षांत 'वाक्यातली चूक शोधा' या प्रश्नात त्या असतात. विद्यार्थ्यांना जोड्या तोंडपाठ असतात आणि तरीही अर्ज, ईमेल किंवा नोटीस लिहिताना चुका होतात. याचे कारण म्हणजे आपण जोड्या पाठ करतो, पण त्या वाक्यात कुठे बसतात आणि बसल्यावर काय बदलतात याकडे लक्ष देत नाही. हा लेख त्यासाठी आहे. इंग्रजी वाक्ये उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण जोडी चुकली आहे हे पुष्कळदा डोळ्यांआधी कानाला कळते.

आधी नाते ठरवा, मग नावे घ्या

रोजच्या मराठीत आपण आधी नावे घेतो आणि त्यांच्यातले नाते मागाहून सांगतो. 'सुनीता आणि कविता दोघीही आल्या' या वाक्यात 'दोघीही' नावांच्या नंतर येते. 'सुनीता किंवा कविता कुणीच आली नाही' यात तर नकार थेट वाक्याच्या शेवटी आहे. बोलता बोलता शेवटी काय म्हणायचे ते ठरवण्याची सोय मराठी आपल्याला देते. 'ना सुनीता आली ना कविता' किंवा 'एकतर सुनीता येईल नाहीतर कविता' अशी नाते आधी सांगणारी रचनाही मराठीत आहे, पण एरवीच्या बोलण्यात ती कमी येते.

इंग्रजीतल्या या जोड्या नेमक्या उलट चालतात. 'बोथ सुनीता अँड कविता केम' यात पहिले नाव ऐकण्याआधीच दोन नावे येणार आणि दोन्ही खरी, हे कळते. 'नायदर सुनीता नॉर कविता केम' यात नकार पहिल्याच शब्दात होऊन जातो. 'सुनीता अँड कविता बोथ केम' अशी मराठीच्या जवळची रचना इंग्रजीतही शुद्ध आहे. पण 'आयदर', 'नायदर' आणि 'नॉट ओन्ली' यांची जोडी जमवायची तर पहिला शब्द पहिल्या नामाच्या आधी ठेवावा लागतो. म्हणून इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधीच ठरवायला हवे: दोन्ही, दोहोंपैकी एक, की एकही नाही?

या पहिल्या शब्दाला व्याकरणात काय म्हणावे, यावर एकमत नाही. 'अँड', 'ऑर', 'बट' ही आपल्या ओळखीची उभयान्वयी अव्यये. पण 'बोथ' किंवा 'आयदर' हे नामांना जोडत नाहीत, जोडी येत असल्याचे फक्त आगाऊ सांगतात. म्हणून काही कोश या जागी त्यांना क्रियाविशेषण म्हणतात, तर काही उभयान्वयी अव्यय. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985च्या बृहद् व्याकरणात पहिला शब्द जोडीला दुजोरा देणारा आणि दुसरा खरा जोडणारा, असा भेद केला आहे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी 2002च्या केंब्रिज व्याकरणात 'बोथ', 'आयदर', 'नायदर' यांना 'द', 'धिस' यांसारख्या निर्देशक शब्दांच्या वर्गात घातले आहे. वर्ग कोणताही माना, वापराचे नियम तेच राहतात. आता एकेक जोडी पाहू.

बोथ–अँड: दोन्ही, आणि दोनच

'बोथ' आला की पुढे 'अँड'च यायला हवा. 'बोथ माय मदर ॲज वेल ॲज माय आन्ट' ही चूक आपल्याकडे खूप दिसते. ती इंग्रजांच्या देशातही होते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वापराच्या कोशात 'बोथ'पुढे 'ॲज वेल ॲज' लावण्याला कडक आक्षेप घेतला होता. बरोबर रचना: 'बोथ माय मदर अँड माय आन्ट'.

'बोथ'मुळे अर्थ कसा बदलतो ते पाहा. 'गीता अँड मीना वन अ प्राइझ' याचा अर्थ दोघींना मिळून एक बक्षीस असाही होऊ शकतो. 'बोथ गीता अँड मीना वन अ प्राइझ' म्हटले की गीतालाही मिळाले आणि मीनालाही, असा अर्थ ठरतो. 'बोथ' प्रत्येकीकडे वेगळे बोट दाखवतो. त्यामुळे जे काम किंवा जो गुण दोघांशिवाय होऊच शकत नाही, तिथे तो चालत नाही. 'बोथ गीता अँड मीना आर अलाइक' हे चूक, कारण एकटी गीता 'सारखी' असू शकत नाही. 'गीता अँड मीना आर अलाइक' एवढेच म्हणावे. 'बोथ आर इक्वल' आणि 'अ क्वारल बिट्वीन बोथ गीता अँड मीना' या रचनाही त्याच कारणाने टाळाव्यात.

'माझे दोन्ही भाऊ' यावरून 'माय बोथ ब्रदर्स' असे तोंडात येते. इंग्रजीत 'बोथ' आधी आणि 'माय' किंवा 'द' नंतर: 'बोथ माय ब्रदर्स', 'बोथ द ब्रदर्स'. 'द बोथ ब्रदर्स' ही रचनाही प्रमाण इंग्रजीत नाही.

'बोथ'नंतर तीन नामे घेऊ नयेत. 'बोथ नाशिक, पुणे अँड नागपूर' असे न लिहिता 'बोथ' काढून टाकावा किंवा 'ऑल थ्री सिटीज' असे म्हणावे. 'आयदर' आणि 'नायदर' यांच्याबाबत व्यवहार थोडा सैल आहे. 'आयदर नाशिक ऑर पुणे ऑर नागपूर' चांगल्या लेखकांतही आढळते. मुळात हे शब्दही दोहोंसाठीच घडले होते. 'आयदर', 'नायदर' आणि 'व्हेदर' यांच्या शेवटी असलेला भाग दोहोंतली निवड दाखवणारा जुना प्रत्यय आहे, आणि संस्कृतातल्या 'कतर', 'अन्यतर' या शब्दांतला 'तर' त्याचाच सगोत्र आहे. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात हे शब्द दोन नामांपुरते ठेवले की वादच उरत नाही.

आयदर–ऑर: दोहोंपैकी एक

'ब्रिंग आयदर युवर आधार कार्ड ऑर युवर पासपोर्ट' असे नोटिशीत असेल तर एक कागद पुरेसा. 'ब्रिंग बोथ युवर आधार कार्ड अँड युवर पासपोर्ट' असेल तर दोन हवेत. नोटीस लिहिणाऱ्याने हा शब्द चुकवला, तर बाहेरगावाहून आलेल्या माणसाला परत जावे लागते. संस्थेची, शाळेची किंवा सोसायटीची सूचना इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

'ऑर' एकटाही विकल्प दाखवतो. 'आयदर' जोडला की विकल्प दोनच आहेत आणि त्यांतला एक निवडायचा आहे, हे ठसते. म्हणून जिथे दोन्ही घेतले तरी चालते, तिथे 'आयदर' वापरू नये. 'यू मे पे बाय चेक ऑर कार्ड' हे वाक्य 'आयदर'शिवायही पूर्ण आहे.

'आयदर'चा एक निराळा उपयोग लक्षात असू द्या. 'ऑन आयदर साइड ऑफ द रोड' याचा अर्थ रस्त्याच्या एका बाजूला असा नाही, दोन्ही बाजूंना असा आहे. तिथे पुढे 'ऑर' नसतो आणि नामही एकच असते, हीच ती ओळखण्याची खूण.

'व्हेदर–ऑर'ही विकल्पाचीच जोडी आहे, पण ती निवड करायला लावत नाही. 'एव्हरी व्हिजिटर, व्हेदर चाइल्ड ऑर ॲडल्ट, नीड्स अ टिकिट' म्हणजे मूल असो वा मोठा माणूस, तिकीट लागणारच. मराठीतला 'असो वा' हा तिचा सर्वांत जवळचा भाऊबंद.

नायदर–नॉर: नकार एकदाच

मराठी भाषकांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते. मराठीत 'कुणीच' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द एका वाक्यात सुखाने नांदतात. ती सवय इंग्रजीत उतरली की 'नायदर द प्लंबर नॉर द इलेक्ट्रिशियन डिड नॉट कम' असे वाक्य तयार होते. 'नायदर'मध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे क्रियापद होकारार्थीच ठेवायचे: 'नायदर द प्लंबर नॉर द इलेक्ट्रिशियन केम'.

वाक्यात 'नॉट' आधीच आलेला असेल, तर पुढे 'आयदर–ऑर' घ्यावे: 'आय डिड नॉट मीट आयदर द सरपंच ऑर द ग्रामसेवक'. हाच अर्थ 'आय मेट नायदर द सरपंच नॉर द ग्रामसेवक' असाही सांगता येतो. दोन्ही वाक्यांत नकार एकदाच आहे.

'दोघेही आले नाहीत' याचे 'बोथ डिड नॉट कम' असे शब्दशः रूप सर्रास ऐकू येते. ऐकणारा गोंधळतो: दोघांतला एकही आला नाही, की दोघे न येता एकच आला? नकार दोघांनाही लागू असेल तर 'नायदर' हाच शब्द योग्य: 'नायदर ऑफ देम केम'. 'नन ऑफ द टू' असेही म्हणू नये. 'नन' दोहोंपेक्षा अधिकांसाठी, दोघांसाठी 'नायदर'.

'नायदर'चा जोडीदार 'नॉर'. 'नायदर–ऑर' आणि 'आयदर–नॉर' या दोन्ही मिसळी चूक आहेत. नकाराचा 'न' पहिल्यात असेल तर दुसऱ्यातही हवा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

नॉट ओन्ली–बट ऑल्सो: जोर दुसऱ्यावर

'नॉट ओन्ली द स्टुडंट्स बट ऑल्सो द प्रिन्सिपल जॉइन्ड द क्लीनिंग ड्राइव्ह.' विद्यार्थी सामील झाले यात नवल नाही, मुख्याध्यापकही झाले ही खरी बातमी. या जोडीत जी गोष्ट अधिक महत्त्वाची किंवा अनपेक्षित, ती दुसऱ्या जागी ठेवायची. क्रम उलटला तर वाक्य व्याकरणात बसेल, पण वाचणाऱ्याला त्यातली बातमी कळणार नाही.

'ऑल्सो' कधी गळतो, तर कधी त्याच्या जागी शेवटी 'ॲज वेल' किंवा 'टू' येतो. लेखनात ते चालते. परीक्षेत मात्र पूर्ण रूपच लिहावे.

दुसरा प्रश्न शब्दक्रमाचा. 'नॉट ओन्ली' वाक्याच्या सुरुवातीला आला की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, असा नियम शिकवला जातो. तो अर्धाच सांगितला जातो म्हणून घोटाळा होतो. दोन पूर्ण वाक्ये जोडायची असतील तेव्हाच उलटा क्रम लागतो: 'नॉट ओन्ली डिड शी राइट द प्ले, बट शी ऑल्सो डायरेक्टेड इट.' दोन नामे जोडायची असतील तर क्रम सरळच राहतो: 'नॉट ओन्ली द रायटर बट ऑल्सो द डायरेक्टर केम.' इथे 'नॉट ओन्ली डिड द रायटर' असे सुरू केले की वाक्य अडते. 'नायदर'चेही तसेच आहे. 'नायदर द रायटर नॉर द डायरेक्टर केम' यात क्रम उलटत नाही.

ॲज वेल ॲज: जोर पहिल्यावर

'द प्रिन्सिपल ॲज वेल ॲज द स्टुडंट्स जॉइन्ड द ड्राइव्ह' यात जोर मुख्याध्यापकांवर आहे. विद्यार्थ्यांचा उल्लेख मागाहून जोडलेला आहे. म्हणजे 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो'ची मांडणी इथे उलटी होते. 'ॲज वेल ॲज'चे वाक्य 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो' वापरून पुन्हा लिहा, असा प्रश्न आला तर अर्थ राखण्यासाठी नामांची अदलाबदल करावी. 'गीता ॲज वेल ॲज मीना' म्हणजे 'नॉट ओन्ली मीना बट ऑल्सो गीता'. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा बदल दहा वाक्यांवर करून पाहावा, मग तो आपोआप जमतो.

'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' आणि 'इन ॲडिशन टू' हे शब्दसमूहही याच गोत्रातले. ते दुसरे नाम जोडतात, पण पहिल्याच्या मागे उभे करतात. याचा परिणाम क्रियापदावर कसा होतो, ते पुढे येईल.

झाकून वाचण्याची कसोटी

आता सर्वांत उपयोगी भाग. या जोड्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा: पहिल्या शब्दानंतर वाक्याचा जो घटक येतो, तसाच घटक दुसऱ्या शब्दानंतर यायला हवा. तराजूच्या दोन पारड्यांत सारखेच वजन हवे. एका बाजूला नाम तर दुसऱ्या बाजूलाही नाम. एका बाजूला शब्दयोगी शब्दासह नाम असेल तर दुसऱ्याही बाजूला तसेच.

हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. जोडीच्या पहिल्या शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंतचा सगळा मजकूर बोटाने झाका आणि उरलेले वाक्य वाचा. ते नीट वाचता आले तर जोडी जमली.

'ही वर्क्स बोथ इन पुणे अँड मुंबई.' यात 'बोथ इन पुणे अँड' झाका. उरते 'ही वर्क्स मुंबई'. 'इन' हरवला, म्हणून वाक्य चूक. दुरुस्ती दोन प्रकारे होते. 'ही वर्क्स इन बोथ पुणे अँड मुंबई' असे लिहून 'इन' जोडीच्या बाहेर ठेवा, किंवा 'ही वर्क्स बोथ इन पुणे अँड इन मुंबई' असे लिहून तो दोन्हीकडे द्या. झाकून वाचले तर दोन्ही वाक्यांत 'ही वर्क्स इन मुंबई' उरते.

'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी.' झाकून वाचा: 'शी कोंकणी'. क्रियापद गेले. इथे जोडी बोलण्याच्या क्रियेची नाही, भाषांची आहे, म्हणून 'नॉट ओन्ली' भाषेच्या नावाला चिकटून हवा: 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी.' जोडी खरोखरच क्रियांची असेल तर दोन्हीकडे क्रियापद द्यावे: 'शी नॉट ओन्ली स्पीक्स कोंकणी बट ऑल्सो टीचेस इट.'

'आयदर यू मे टेक टी ऑर कॉफी.' झाकल्यावर नुसता 'कॉफी' उरतो. 'आयदर' चहाच्या शेजारी आणा: 'यू मे टेक आयदर टी ऑर कॉफी.'

'द', 'माय', 'अवर' अशा शब्दांनाही हीच कसोटी लावा. 'बोथ द टीचर अँड स्टुडंट' यात दुसऱ्या बाजूचा 'द' राहिला. 'बोथ द टीचर अँड द स्टुडंट' असे लिहावे. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही हे नियम सैल सोडतात आणि अर्थ समजतो. पण लिहिलेल्या वाक्यात आवाजाचा चढउतार नसतो, तिथे नाते फक्त शब्दाच्या जागेवरून कळते. म्हणून लेखनात ही काटेकोरी हवी.

क्रियापद कुणाचे ऐकते?

दोन नामे कर्त्याच्या जागी आली की क्रियापद एकवचनी ठेवायचे की अनेकवचनी, हा प्रश्न येतो. त्याची तीन उत्तरे आहेत.

'बोथ–अँड' असेल तर क्रियापद नेहमी अनेकवचनी: 'बोथ द डॉक्टर अँड द नर्स आर ऑन लीव्ह.'

'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर' आणि 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो' असेल तर क्रियापद जवळच्या, म्हणजे दुसऱ्या नामाचे ऐकते. इथेही झाकून वाचण्याची कसोटी कामी येते. 'आयदर द मॅनेजर ऑर द क्लार्क्स हॅव द रेकॉर्ड' झाकल्यावर 'द क्लार्क्स हॅव द रेकॉर्ड' उरते, म्हणून 'हॅव' बरोबर. 'नायदर द डॉक्टर नॉर द नर्स इज ऑन लीव्ह' यात दोन्ही नामे एकवचनी, म्हणून 'इज'. संभाषणात इथे 'आर' पुष्कळदा ऐकू येतो, पण परीक्षेत आणि औपचारिक पत्रात 'इज' लिहावा. एक नाम एकवचनी आणि दुसरे अनेकवचनी असेल, तर शक्य तिथे अनेकवचनी नाम दुसरे ठेवावे. वाक्य कानाला सहज वाटते.

'मी' आणि 'तू' आले की हा नियम अवघडतो. 'आयदर माय ब्रदर ऑर आय ॲम गोइंग' हे नियमाने बरोबर आहे, पण वाचताना खटकते. अशा वेळी 'विल'चा आधार घ्यावा, कारण तो पुरुष आणि वचन पाहून बदलत नाही: 'आयदर माय ब्रदर ऑर आय विल गो.'

'ॲज वेल ॲज', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' असतील तर क्रियापद पहिल्या नामाचेच ऐकते, मधे कितीही शब्द असोत: 'द कॅप्टन, अलाँग विथ द प्लेयर्स, हॅज अराइव्हड.' इथे 'प्लेयर्स' क्रियापदाच्या अगदी जवळ असल्यामुळे 'हॅव' लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. स्पर्धा परीक्षांच्या चूक शोधण्याच्या प्रश्नांतले हे आवडते ठिकाण आहे.

दोन छोट्या गोष्टी आणखी. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज हिअर' म्हणजे दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर आर हिअर' म्हणजे माणसे दोन. एका 'द'ने माणसांची संख्या बदलते. आणि 'एव्हरी' किंवा 'ईच' आधी आला तर 'अँड' असूनही क्रियापद एकवचनी: 'एव्हरी बॉय अँड गर्ल हॅज अ बुक.'

जोडीने येणारे आणखी काही शब्द

'बिट्वीन'चा जोडीदार 'अँड', 'फ्रॉम'चा जोडीदार 'टू'. 'बिट्वीन फाइव्ह टू सेव्हन' ही पाटी आपल्याकडे ठिकठिकाणी दिसते. 'बिट्वीन फाइव्ह अँड सेव्हन' किंवा 'फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन' असे लिहावे. अर्थातही फरक आहे. 'बिट्वीन' म्हणजे त्या दोन वेळांच्या दरम्यान केव्हातरी, 'फ्रॉम–टू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग.

'नेमली' हे क्रियाविशेषण आधी संख्या सांगून मग नावे उलगडते: 'टू सब्जेक्ट्स, नेमली, हिस्टरी अँड जिऑग्रफी'. नावांची यादी पूर्ण असेल तरच ते वापरावे. काही उदाहरणेच द्यायची असतील तर 'सच ॲज' घ्यावा.

'रिस्पेक्टिव्हली' नामांच्या दोन जोड्या क्रमाने जुळवते: 'गीता अँड मीना स्कोअर्ड एटी अँड नाइंटी रिस्पेक्टिव्हली.' गीताला 80, मीनाला 90. दोन्ही याद्यांचा क्रम आणि संख्या जुळत असेल तरच हा शब्द वापरावा, आणि तो शेवटी ठेवावा.

स्वतःला तपासा

पुढच्या आठही वाक्यांत एकेक चूक आहे. उत्तरे पाहण्याआधी प्रत्येक वाक्य वहीत दुरुस्त करून लिहा.

1. बोथ माय फादर ॲज वेल ॲज माय अंकल आर फार्मर्स.
2. नायदर द बस नॉर द ट्रेन डिड नॉट कम ऑन टाइम.
3. शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो सायन्स.
4. द चेअरमन, अलाँग विथ द मेंबर्स, हॅव सीन द साइट.
5. द लायब्ररी इज ओपन बिट्वीन टेन टू फाइव्ह.
6. आय मेट माय बोथ सिस्टर्स ॲट द वेडिंग.
7. आयदर द क्लार्क ऑर द ऑफिसर्स हॅज द की.
8. द फॉर्म इज अव्हेलेबल बोथ इन मराठी अँड इंग्लिश.

उत्तरे अशी. पहिल्यात 'ॲज वेल ॲज'च्या जागी 'अँड'. दुसऱ्यात 'डिड नॉट कम'च्या जागी 'केम'. तिसऱ्यात 'शी टीचेस नॉट ओन्ली मॅथ्स बट ऑल्सो सायन्स'. चौथ्यात 'हॅव'च्या जागी 'हॅज'. पाचव्यात 'फ्रॉम टेन टू फाइव्ह', कारण वाचनालय सलग उघडे असते. सहाव्यात 'बोथ माय सिस्टर्स'. सातव्यात 'हॅज'च्या जागी 'हॅव'. आठव्यात 'इन बोथ मराठी अँड इंग्लिश'. सहा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली असतील तर पाया पक्का आहे. कमी आली असतील तर ज्या जोडीत चूक झाली तेवढाच भाग पुन्हा वाचा, सगळा लेख पुन्हा वाचण्याची गरज नाही.

सराव कसा करावा

नियम वाचून भाषा येत नाही, वाक्ये करून येते. रोजच्या आयुष्यातली दोन नामे घ्या: आई आणि मावशी, बस आणि रेल्वे, ज्वारी आणि गहू. त्याच दोन नामांवर चारही जोड्यांची चार वाक्ये लिहा. नामे तीच ठेवल्यामुळे फक्त नाते बदलते आणि प्रत्येक जोडीचा अर्थ वेगळा उठून दिसतो. आठवडाभर हे केले की जोडीचा पहिला शब्द लिहिताना दुसरा आपोआप मनात येऊ लागतो.

वाचतानाही लक्ष ठेवा. इंग्रजी वृत्तपत्राच्या एका पानावर या जोड्या शोधून खुणा करा आणि दोन्ही बाजूंना सारखाच घटक आहे का ते पाहा. शिक्षकांनी वर्गात हाच उपक्रम शाळेच्या स्वतःच्या सूचनांवर करावा. सहलीची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, पालकसभेचे निमंत्रण यांत 'आयदर' हवा की 'बोथ', यावर मुले हिरिरीने बोलतात, कारण त्याचा परिणाम त्यांना स्वतःला जाणवतो.

मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना इंग्रजी लिहिताना मोठमोठ्या शब्दांची कमतरता जाणवते. प्रत्यक्षात अर्ज, पत्र किंवा अहवाल कच्चा वाटतो तो अशा छोट्या शब्दांच्या जागा चुकल्यामुळे, आणि या जागा नियमाने शिकता येतात. त्यासाठी परदेशी उच्चार लागत नाहीत की अवजड शब्दसंग्रह. पुढचे इंग्रजी पत्र पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारा: दोन्ही, एक की एकही नाही, यातले मला काय म्हणायचे आहे? पहिल्या शब्दाचा ठरलेला जोडीदार आला आहे का? मधला मजकूर झाकला तर वाक्य उभे राहते का? पहिल्याचे उत्तर पक्के ठरले आणि उरलेल्या दोन्हींचे 'हो' आले की पत्र निर्धास्तपणे पाठवा.